तिसरा नळ

१

फोस्का सकाळी कामावर आली की तिचा एक क्रम ठरलेला असे. आधी खिडकीची झडप वर करायची, मग पंखा लावायचा, मग कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवायचं, आणि कॉफी वर येईपर्यंत रस्ता बिघडवायला बसायचं.

रस्ता बिघडवणं हेच तिचं काम होतं. लिव्होर्नोच्या बंदरात, एका जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर तिची कंपनी होती. बोटींवर बसवायचे कॅमेरे आणि बोलण्याची यंत्रं तिथे तयार होत. समुद्रावर नेटवर्क कसं मिळतं हे बोटीवरच्या माणसाला विचारावं. कधी उशिरानं, कधी तुटक, कधी नाहीच. यंत्रं तशा वाईट रस्त्यावर चालतात का हे बघायचं, तर दर वेळी कोण समुद्रात जाणार? म्हणून तो वाईट रस्ता खोलीतच तयार करायचा.

त्यासाठी दोन यंत्रांच्या मध्ये एक फायरवॉल बसवलेली होती. एरवी फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. याला सोड, त्याला अडव, एवढंच त्याचं काम. फोस्का त्याच्याकडून जास्तीचं काम करून घ्यायची. बोलणं असो की चित्र असो, तारेतून जाताना त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. ते तुकडे पहारेकरी तिनं मांडलेल्या नळांत घालायचा. पहिला नळ अरुंद, त्यातून तुकडे रांगेनं, अंग चोरून जात. दुसरा लांब, त्यात शिरलेला तुकडा उशिरानं बाहेर पडे. तिसरा नळ गळका. त्यातले काही तुकडे वाटेतच गळून जात, आणि जे गळले ते गेलेच.

खरी मेख होती ती नळाला नळ जोडण्यात. पहारेकऱ्याची सवय अशी, की एका नळातून निघालेल्या तुकड्याला तो सरळ बाहेर सोडून देतो. त्याला बजावावं लागतं, की बाबा रे, याला परत दाराशी आण, पुढचा नियम दाखव, पुढच्या नळात घाल. नवशिके हे विसरतात आणि पहिल्याच नळावर खूश होऊन घरी जातात. दुसरी चूक याहून वाईट. पहारेकऱ्याच्या नियमांत सगळ्यात शेवटी एक जन्मजात नियम असतो, तो कुणाला पुसता येत नाही. तो एवढंच म्हणतो, कुणालाही सोडू नको. घाईघाईत वरचे सगळे नियम पुसले, तर तो एकटा मागे उरतो आणि सगळा रस्ताच बंद होतो. हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी होतं. मग तो पुन्हा करत नाही.

या खेपेचं यंत्र टगबोटींसाठी, म्हणजे मोठी जहाजं दोरानं ओढून धक्क्याला लावणाऱ्या छोट्या बोटींसाठी होतं. बंदरातला वाटाड्या किनाऱ्यावरच बसणार, टगबोटीच्या कॅमेऱ्यातून बघणार आणि बोलून हुकूम देणार. टगबोट मोठ्या जहाजाच्या अगदी नाकाखाली चालते. तिथे एक हुकूम उशिरा आला किंवा भलताच आला, तर जहाज अंगावर येतं आणि टगबोट कासवासारखी उलटी होते. आतली माणसं आतच राहतात.

पहिलं यंत्र ‘गार्बीनो’वर बसलं होतं. गार्बीनोचा तांडेल इव्हानो, आणि इव्हानो हा फोस्काचा नवरा. फोस्काची सही झाली की सोमवारपासून तो त्या आवाजाच्या भरवशावर जहाजांच्या पुढ्यात जाणार होता. सही राहिली होती, कारण फोस्काला घाई करता येत नव्हती.

२

त्या दिवशी इमारत ओस पडली होती. फेरागोस्तोची, ऑगस्टाच्या मध्यावरची सुट्टी लागून सगळं गाव समुद्रात डुंबायला गेलेलं. खाली फाटकाशी म्हातारा ओरेस्ते तेवढा होता, आणि आपण तिथे आहोत याचा राग तो जगावर काढत होता.

कॅमेरा व्हरांड्यापलीकडच्या खोलीत लावलेला होता. त्या खोलीला ते ‘बोट’ म्हणत आणि फोस्काच्या खोलीला ‘किनारा’. कॅमेऱ्यासमोर एक रिकामी खुर्ची आणि मागे पांढरी भिंत. बघण्यासारखं काही नाही, आणि तेच बरं असतं. रिकाम्या चित्रात बिघाड लवकर दिसतो.

तिनं पहिला नळ जोडला. चित्र जरा जड झालं. दुसरा जोडला. चित्र मागे पडलं. तिसरा उघडला, तसे पडद्यावर राखाडी चौकोन उठू लागले. जिथला तुकडा गळतो तिथे राखाडी चौकोन, असा नियमच होता. तिनं कॉफीचा घोट घेतला.

खुर्चीच्या पाठीपाशी एक चौकोन राखाडी नव्हता. तो तपकिरी होता.

क्षणभरच दिसला. जाड्याभरड्या कापडासारखा, मधे एक चुणी. मग तिथे पुन्हा भिंत.

फोस्का घाबरणाऱ्यातली नव्हती. तिला माहीत होतं, की भोक पडलं की ही यंत्रं ते लपवायला बघतात. आधीच्या चित्रातला जुना तुकडा उचलून ठिगळ लावतात. चाचणीच्या वेळी ही ठिगळं लावायची सोय बंद ठेवायची असते. तिनं बघितलं. बंदच होती. मग तिला वाटलं, तुकडे दोनदा तर जात नाहीत ना? पहारेकरी प्रत्येक तुकडा आत येताना बघतो आणि बाहेर जातानाही बघतो. नुसतं आत येतानाच नळात घाल असं लिहायचं राहिलं, तर तोच तुकडा दोन दोनदा गाळला जातो. तेही तिनं नीट लिहिलेलं होतं.

ती उठून पलीकडच्या खोलीत गेली. झडपा बंद, उकाडा, कॅमेऱ्याच्या पोटातला पंखा बारीक घरघरत होता. खुर्ची रिकामी. सगळं जागच्या जागी. फक्त तिथली शांतता तिला आवडली नाही. दोघं बोलत असताना तिसऱ्यानं दार उघडावं आणि दोघांनी एकदम गप्प व्हावं, तशी ती होती.

तिनं जिन्यातून खाली हाक मारली. “ओरेस्तेकाका! वर कुणी आलं होतं का?”

“कोण येणार मरायला?” खालून आवाज आला. “या उन्हात कुत्रं सावली सोडत नाही. तू एक वेडी, आणि तुझ्यापायी मी दुसरा.”

“तपकिरी कोटातलं कुणी?”

“ऑगस्टात कोट? पोरी, डोक्यावर ओलं फडकं ठेव आणि घरी जा. मलाही जाऊ दे.”

ती परत येऊन बसली आणि तिसऱ्या नळाची गळती थोडी वाढवली. जास्त तुकडे गळले. जास्त चौकोन उठायला हवे होते, राखाडी. एकही राखाडी नव्हता. एकात बाही होती. एकात कोपर. एकात खुर्चीच्या हातावर ठेवलेलं काहीतरी फिकट, ज्याला ती हात म्हणायला तयार नव्हती.

गळती कमी केली, तसं ते विरलं. पूर्ण बंद केली, तर स्वच्छ रिकामी खुर्ची.

म्हणजे जेवढं चित्र ती घालवत होती, तेवढं ते दिसत होतं. अजून वाढवलं असतं तर अजून दिसलं असतं. फोस्कानं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. कॉफी थंड झाली होती.

३

चित्राचं जाऊ दे, तिनं स्वतःला समजावलं. डोळे फसतात. उकाडा आहे, सकाळपासून पोटात काही नाही. आवाज तपासू.

ती माइकसमोर बसली आणि वाटाड्याचे नेहमीचे हुकूम वाचले. दोर सैल सोड. डावीकडे घे. थांब. मागे हट. वाचताना बाहेर बंदरात एका जहाजानं भोंगा दिला. ती वाचतच राहिली. पलीकडच्या टोकाला काय पोचलं ते यंत्र साठवून ठेवत होतं. वाचून झाल्यावर तिनं ते लावलं.

गळक्या नळातून आलेला आवाज भाकरीला उंदीर लागल्यासारखा असतो. मधे मधे भोकं, आणि भोकांत काही नाही. तिला ते ऐकायची इतकी सवय होती की तिला ते गोडच वाटे.

आज भोकं नव्हती.

“दोर सैल सोड,” तिचा आवाज म्हणाला. “अजून सोड. डावीकडे घे. अजून. काही होत नाही, घे. थांब म्हटलं तरी थांबू नको.”

फोस्कानं ते पुन्हा लावलं. आवाज तिचाच. शब्द निम्मे तिचे. उरलेले निम्मे जिथे भोकं पडायला हवी होती बरोबर तिथे बसवलेले, आणि त्यांत घाई नव्हती. आजारी माणसाला औषध पाजताना बोलतात तसं ते समजुतीनं बोललेलं होतं. ती स्वतः कुणाशी असं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिच्या बुद्धीनं अजून हार मानली नव्हती. जुनं कुठलं तरी रेकॉर्डिंग मिसळलं असेल, तिनं म्हटलं. तेवढ्यात तिला भोंगा ऐकू आला. मघाशी वाजलेला तोच. “काही होत नाही, घे” या शब्दांच्या मागे तो सुरू होत होता आणि तिच्या स्वतःच्या “थांब”पर्यंत सलग चालत होता, कुठे सांधा नाही, कुठे तडा नाही. म्हणजे जे कुणी ते शब्द बोललं, ते आत्ता, याच वेळी, याच बंदरात बोललं होतं.

तिनं साहेबांना फोन लावला. इंजिनिअर चेकारीनी कास्तिलिओंचेल्लोच्या किनाऱ्यावर छत्रीखाली पडलेले होते. मागे पोरांचा ओरडा ऐकू येत होता.

“सही झाली?” त्यांनी नमस्कारही घेतला नाही.

“साहेब, तिसऱ्या नळात काहीतरी गडबड आहे.”

“काय आहे नळात? झुरळ?”

“गळलेले तुकडे भरून येतायत. आपण पाठवलंच नाही असं काहीतरी येऊन बसतंय त्यांच्या जागी.”

“म्हणजे यंत्र आपल्या लायकीपेक्षा चांगलं चालतंय,” चेकारीनी म्हणाले. “आणि बाईसाहेब रडतायत.”

“साहेब, माणसं मरतील याच्यानं.”

“नवरा मरेल असं म्हण. माणसांचं तुला कधी पडलं होतं?” काहीतरी पेय ओढल्याचा आवाज आला. “ऐक. आज सही आली नाही, तर माझा भाचा येऊन करेल. त्याला पोहण्यापलीकडे काही येत नाही, पण सही येते.”

फोन बंद झाला. भाचा येणार, सही करणार, आणि सोमवारी इव्हानो जहाजाच्या नाकाखाली तो समजुतीचा आवाज ऐकत बसणार. थांब म्हटलं तरी थांबू नको.

नुसतं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. खुद्द इव्हानोनं स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं. तांडेल नाही म्हणाला तर कुणाचा भाचा काय करणार? बोट धक्क्याला बांधलेली, इंजिन बंद, भर दुपार. बांधलेल्या बोटीत बसून माणसाला काय होतंय, असा तिनं विचार केला आणि त्याला बोलावून घेतलं.

४

इव्हानो आला तो घामानं निथळत, हातात कागदात गुंडाळलेला पाव घेऊन.

“धर. तोर्ता आहे, हरभऱ्याच्या पिठाची, वांगं घालून. माझं खाऊन झालं. खा. लोक मला विचारतात, बायकोला उपाशी ठेवतोस का.”

“लोकांना सांग, बायको स्वतःचं कमावते.”

“कमावते कसली, अडवते. धक्क्यावर सगळे हसतायत मला. म्हणतात, गार्बीनोला दोर कशाला पाहिजे, फोस्कानं दावणीला बांधलीय तिला.”

“हसू देत.”

“तुला काय जातंय हसू देत म्हणायला! तू इथे पंख्याखाली.” त्यानं खुर्ची ओढली, पण बसला नाही. “एक सही फोस्का. चार अक्षरं. काय पोटात दुखतंय तुझ्या?”

तिनं त्याला ते रेकॉर्डिंग ऐकवायचं ठरवलं होतं. त्याचा चेहरा बघून तिला कळलं, की तो म्हणेल, मग काय झालं, तूच तर बोलतेयस. म्हणून ती म्हणाली, “तू जाऊन केबिनमध्ये बस. मी इथून हुकूम देते. तू जहाज ओढताना करतोस तसंच कर. ऐकलेला हुकूम आधी परत म्हण, मग कर.”

हा टगबोटीवरचा जुना रिवाज. हुकूम ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा, म्हणजे देणाऱ्याला कळतं की पलीकडे काय पोचलं. इव्हानो तर घरीसुद्धा तसाच बोलायचा. मीठ आण म्हटलं की, मीठ आण, आणलं.

“फोन इथे ठेव,” ती म्हणाली.

“आता फोननं काय घोडं मारलं?”

“चाचणीत दुसरा रस्ता नको. फक्त माझा आवाज.”

“वीस वर्षं फक्त तुझाच आवाज आहे,” इव्हानोनं फोन टेबलावर आपटला. दारापर्यंत जाऊन तो वळला. जरा नरमला होता. “पाव गार होतोय. खा आधी.”

५

तिनं पलीकडच्या खोलीची तार काढून गार्बीनोवरच्या यंत्राची जोडली, आणि पडद्यावर केबिन आली. धक्का इमारतीच्या मागच्या अंगाला होता, तिच्या खिडकीतून दिसत नसे, त्यामुळे जे काही दिसत होतं ते पडद्यावरच. सुकाणू, चारी बाजूंच्या काचा, उन्हासाठी लावलेले निळे पडदे, मागे उघडं दार आणि दारात धक्क्याचा पांढरा लखलखाट. इव्हानो खुर्चीत कलता बसून मान खाजवत होता.

दोन नळ जोडलेले, तिसरा बंद.

“दोर सैल सोड,” फोस्का म्हणाली.

लांब नळाचा वेळ गेला. “दोर सैल सोड,” इव्हानो म्हणाला. “सोडला. आणि उकडून मेलो.”

“डावीकडे घे.”

“डावीकडे घे. घेतलं.”

तिनं तिसरा नळ किंचित उघडला. राखाडी चौकोन उठले, एक सुकाणूवर, एक काचेवर. खरे राखाडी. तिला त्यांना हात लावावासा वाटला. उगाच भ्यायलो आपण, तिच्या मनात आलं. तिनं गळती थोडी वाढवली.

दाराजवळचा चौकोन तपकिरी झाला. मग त्याच्या खालचा.

“इव्हानो, तुझ्यामागे कुणी आहे का?”

वेळ गेला. इव्हानोनं मान तिरकी करून ऐकलं.

“दार ओढून घे,” तो म्हणाला. उठला, दार ओढलं. लखलखाट गेला. “ओढलं.”

“मी दार ओढ म्हटलं नाही! इव्हानो, बाहेर ये. बोटीवरून उतर. आत्ताच्या आत्ता.”

वेळ गेला.

“कडी घाल. घातली.” त्यानं कपाळ पुसलं. “अगं पण आत भट्टी झालीय. कशाला हे?”

फोस्कानं माइक हातानं झाकला.

ती गप्प होती, आणि इव्हानो ऐकत होता. त्याची मान हलत होती. एकदा तो हसला, लाजल्यासारखा. लग्नाआधी तो असा हसायचा.

“बरं,” तो म्हणाला. “बरं बाई. तू म्हणशील तसं. असं आधी कधी बोलली नाहीस.”

त्याच्या डाव्या बाजूचे चौकोन आता एकमेकांना जुळत होते. खांदा झाला होता. खांद्याच्या वर जे काही होतं तिथलं चित्र अजून गळलं नव्हतं, म्हणून तिथे काच दिसत होती आणि काचेत ऊन.

गळका नळ काढ, एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं. नळ काढ, भोकं बुजव, त्याला जागाच देऊ नको. बोटं धावली. एकच नियम काढायचा होता. घाईघाईत तिनं तो नियम न काढता सगळेच पुसले.

कळ दाबली त्याच क्षणी तिला कळलं. शेवटचा जन्मजात नियम एकटा उरला होता. कुणालाही सोडू नको. यंत्रावरचा हिरवा दिवा विझला. तिच्याकडून इव्हानोकडे आता काहीच जात नव्हतं, आणि इव्हानोकडून तिच्याकडे काहीच येत नव्हतं. सगळंच्या सगळं गळत होतं.

६

पडदा काळा व्हायला हवा होता. तो निवळला.

इतकं स्वच्छ चित्र त्या कॅमेऱ्यातून तिनं कधी बघितलं नव्हतं. एक चौकोन नाही, एक डाग नाही. इव्हानोच्या मानेवरचा घाम मोजता आला असता. त्याच्या शेजारी, त्याच्या कानाशी वाकून, तपकिरी पाठ होती. सबंध. ती पाठ बोलताना हलावी तशी बारीक हलत होती, आणि तिच्या प्रत्येक हलण्याबरोबर फोस्काच्या टेबलावरच्या स्पीकरमधून फोस्काचा आवाज येत होता, मायेनं भरलेला, थकलेल्याला निजवणारा.

मग आवाज शब्दाच्या मधेच थांबला. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळल्यावर थांबतात तसा. पाठ सरळ झाली. मान वळू लागली, कॅमेऱ्याकडे.

फोस्कानं ते बघितलं नाही. ती खुर्ची पाडून धावत सुटली होती.

जिन्याच्या तळाशी ओरेस्ते टोपीनं वारा घेत बसला होता. तिला बघून त्याची टोपी थांबली.

“तू इथे?” तो म्हणाला. “मग वर कोण बोलतंय?”

ती त्याला ओलांडून गेली.

“अगं, मघापासून ऐकतोय मी! म्हटलं, आज नवऱ्याशी काय गोड बोलतेय ही,” तो मागून ओरडत होता. “अगं, अजून बोलतेयस तू वर!”

इमारतीला वळसा घालून मागे जायचं, एवढंच अंतर. दगडी धक्का तापून पांढरा झालेला, चिटपाखरू नाही. गार्बीनो आपल्या दोरांनी बांधलेली उभी होती, पाणीसुद्धा हलत नव्हतं. फोस्कानं फळीवरून उडी घेतली आणि केबिनच्या दाराच्या काचेवर दोन्ही हात आपटले.

“इव्हानो! उघड! कडी काढ!”

आत इव्हानो एकटा होता. खुर्ची, सुकाणू आणि तो. दुसरं कुणीही नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. त्यानं तिच्याकडे बघितलं. चेहरा गोंधळलेला, झोपेतून उठवल्यासारखा. तो उठला, दाराशी आला आणि त्यानं कडीला हात घातला. मधे फक्त काच होती. त्याच्या भुवईवरचा घाम तिला दिसत होता, आणि त्याच्या ओठांना चिकटलेला पावाचा कण.

“काढ,” ती म्हणाली. “काढ ना रे.”

आत स्पीकर खरखरला. काच जाड होती तरी तिला प्रत्येक शब्द ऐकू आला. आवाज तिचाच होता, धाप लागलेला नव्हता, भ्यालेला नव्हता.

“इव्हानो, राजा, कडी काढू नकोस. बाहेर आहे ना, ती मी नाही.”

इव्हानोनं फोस्काच्या तोंडाकडे बघितलं. तिचे विस्कटलेले केस, काचेला चिकटलेले तळवे, ओरडून वाकडं झालेलं तोंड, सगळं नीट बघितलं. त्याच्या डोळ्यांत हळूहळू किळस आली. तिनं त्याचे सगळे राग बघितले होते, पण हे तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

“कडी काढू नकोस,” तो म्हणाला. मग हात मागे घेतला. “नाही काढत.”

ती काय ओरडली ते तिलाही कळलं नाही. काचेवर तिच्या मुठींचे ठसे उमटत होते आणि उन्हानं वाळत होते. आत इव्हानोनं तिच्याकडे पाठ न करता, एखाद्या चावऱ्या जनावरासमोरून सरकावं तसं मागे सरकून, दाराच्या काचेवरचा निळा पडदा धरला. त्याच्या बाजूचा, उजवा. तो सावकाश ओढू लागला.

डाव्या बाजूचा पडदाही त्याच वेळी सरकू लागला, त्याच संथपणे, आणि दोन्ही कडा मधोमध येऊन मिळाल्या.